आभाळ पळते तेव्हा

गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या चौथीतल्या चिरंजिवांना शाळेतून गृहपाठ मिळाला होता : ‘जलद जाणे’ दाखवणारे दहा शब्द लिहा. अशा वेळी घरात वडिलांची आठवण होते.

मीही बाह्या सरसावल्या. घोडा चौखूर उधळतो, मोटार भरधाव सुटते, वारा सुसाट वाहतो, चिमणी भुर्रकन उडते, मासा सुळकन निसटतो, मुंगी तुरुतुरु चालते, तान्हे दुडूदुडू धावते, लेखणी झरझर चालते आणि चोर पोबारा करतो. हा पोबारा तर सोंगट्यांच्या खेळातून आलेला ! मराठीने प्रत्येकाच्या पायात त्याच्या मापाचा जोडा घातला आहे, असे मी ऐटीत सांगितले.

“नऊ झाले. आणि ढग ?” चिरंजिवांनी विचारले.

खिडकीबाहेर दादरच्या गच्च्यांवरून वारा काळ्या ढगांना हाकलत नेत होता.

“ढग पळतात,” मी म्हणालो.

“कित्ती मज्जा !” त्याने टाळ्या पिटल्या.

इतका वेळ गहू निवडत बसलेली आई एकदम म्हणाली, “मज्जा कसली ? आभाळ पळालं म्हणजे साल गेलं.”

आईचे माहेर माण तालुक्यातले. पश्चिमेचा वारा सह्याद्री चढताना थंडावतो आणि बरेचसे पाणी घाटमाथ्यावरच ओततो. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. माणात ५०० च्या आसपास. पूर्वेला उतरताना तोच वारा तापतो, ढग विरळ होतात. उरतात ते डोक्यावरून निघून जातात.

१९७२ च्या दुष्काळात आई दहा-बारा वर्षांची होती. तिचे वडील रोज बांधावर उभे राहून वर बघत. “थांब की रं जरा,” असे ढगाला म्हणत. जणू गावचा ओळखीचा माणूसच चालला आहे. ढग थांबले नाहीत. मग बैल विकले आणि आजोबा खडी फोडायला गेले.

एवढे सांगून आई पुन्हा गहू निवडू लागली. मी ज्या शब्दांची मापे सांगत होतो, त्यांचे वजन मला ठाऊकच नव्हते.

चिरंजिवांनी दहावा शब्द लिहिला : ‘आभाळ पळणे’. शेजारी कंसात ‘वाईट’. बाईंनी वर्गात विचारले, “हे वाईट का रे ?”

“आमच्या आजीला विचारा,” तो म्हणाला.