धरण बांधले, चाऱ्यांचे काय?

पाटबंधाऱ्यांच्या राजकारणातील एक जुनी रीत शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांना पाठ आहे. धरणाच्या भिंतीचे उद्घाटन थाटात होते, कोनशिला बसते, खर्चाचे आकडे जाहीर होतात. आणि मग चाऱ्या-पोटचाऱ्यांचे काम वर्षानुवर्षे रेंगाळते. घोडचा कालवा असो, चासकमानचा असो की खडकवासल्याचा. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मंजूर असते, पण ते वेळेवर मिळेलच याची शाश्वती नसते. हृदयशस्त्रक्रियेच्या बाबतीत महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेने आज हीच रीत उचलली आहे. बायपासचा खर्च शासन देते. परंतु बायपास झालेला माणूस पुन्हा आपल्या पायांवर उभा राहावा यासाठी जी व्यवस्था लागते, ती त्याच्या गावच्या वेशीपर्यंत पोचत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९७ साली जीवनदायी योजना आली. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली व पुढच्याच वर्षी ती राज्यभर लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ सालच्या निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. ज्या शस्त्रक्रियेचे नाव काढताच एकेकाळी जमीन गहाण पडत असे, ती आज अल्पभूधारकालाही आवाक्यात आली आहे. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, या पैशात शासन नेमके काय विकत घेते?

शासन विकत घेते ती एक शस्त्रक्रिया. छातीचे मधले हाड कापले जाते, पायातील नीला किंवा छातीतील धमनी घेऊन बुजलेल्या रक्तवाहिनीला वळसा दिला जातो, आणि हाड पोलादी तारेने पुन्हा बांधले जाते. गुंतागुंत न झाल्यास साधारण आठवडाभराने रुग्ण घरी येतो. ते हाड पुरते सांधायला मात्र आठ ते बारा आठवडे लागतात, आणि खरी अडचण याच काळात उभी राहते. न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या एखाद्या घरात या काळात दोनपैकी एक चूक हमखास होते. एक तर 'हार्टचा पेशंट' म्हणून माणसाला महिनोन्‌महिने खाटेवर खिळवून ठेवतात. त्याचे स्नायू झडतात, उमेद खचते, आणि आपण आता कुटुंबावर ओझे झालो ही भावना मनात घर करते. नाही तर याच्या उलट घडते. रात्रीची वीज आली म्हणून तो मोटर चालू करायला धावतो, वैरणीचा भारा उचलतो, खताच्या पोत्याला हात घालतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच : किती चालावे, केव्हा थांबावे, किती वजन उचलावे, गोळ्या का बंद करू नयेत, हे सांगायला आणि पाहायला त्याच्याजवळ कोणीही नसते.

वास्तविक हे ज्ञान नवे नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर चार ते सहा आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहणे हाच उपचार, असा वैद्यकाचा एकेकाळी दंडक होता. १९५२ साली सॅम्युअल लेव्हाईन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकेतील डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवून त्या दंडकाला धक्का दिला. पुढे १९६७ साली रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँड येथे बायपास शस्त्रक्रियेचा पाया घातला. हे फावालोरो त्यापूर्वी बारा वर्षे अर्जेंटिनातील एका खेड्यात डॉक्टर होते, ही गोष्ट आपल्या नियोजनकारांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आज शस्त्रक्रियेनंतर साधारण दुसऱ्याच दिवशी रुग्णाला बसवतात, दीर्घ श्वास घ्यायला लावतात, छातीशी उशी धरून खोकायला शिकवतात. एक-दोन दिवसांत खोलीत चालवतात, आणि घरी सोडण्यापूर्वी जिनाही चढवून पाहतात. एवढे बहुतेक चांगल्या रुग्णालयांत होते. परंतु पुनर्वसनाचा हा केवळ पहिला टप्पा होय. दुसरा, साधारण बारा आठवड्यांचा टप्पा घरी गेल्यावर सुरू होतो : मोजूनमापून वाढवलेला व्यायाम, आहार, तंबाखू-मिश्रीपासून सुटका, मधुमेह व रक्तदाब यांवर नजर, आणि मनाला आधार. व्यायामावर आधारलेल्या अशा पुनर्वसनामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग घटतात, असे जगभरच्या चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणांतून दिसून आले आहे.

आता याच गोष्टीकडे हिशेबाच्या नजरेने पाहावे. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत या टप्प्यासाठी ३६ सत्रे दिली जातात. शिरूरहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर. आठवड्यातून तीन वेळा पुण्याला यायचे म्हटले, तर तीन महिन्यांत साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. तोही छातीचे हाड सांधत असताना, नगर रस्त्यावरील शिकरापूरच्या वाहतूक कोंडीतून. सोबत एक माणूस हवाच. म्हणजे भाडे दुप्पट आणि दोघांची मजुरी बुडाली. दौंडकराला रेल्वे आहे खरी, पण गर्दीच्या गाडीत बायपास झालेल्या माणसाने आठवड्यातून तीनदा चढावे-उतरावे, ही अपेक्षा माणुसकीची नव्हे. तरीही 'रुग्ण फेरतपासणीला येत नाहीत' असे म्हणून दोष रुग्णाच्या माथी मारला जातो. टेलच्या शेतकऱ्याने कालव्याच्या तोंडाशी येऊन घागरीने पाणी न्यावे, असे सांगण्यासारखेच हे आहे.

ही त्रुटी अपघाताने राहिलेली नाही. ती विमापद्धतीच्या गाभ्यातच आहे. २०१८ साली सुरू झालेली आणि राज्यात फुले योजनेच्या जोडीने राबवली जाणारी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते, आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतची जबाबदारी घेते. बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेबाहेर आहेत. आणि बारा आठवड्यांचे पुनर्वसन हा स्वभावतःच बाह्यरुग्ण उपचार आहे. शस्त्रक्रिया मोजता येते, तिचे देयक निघते, तिच्यात नफा असतो. माणूस कामावर परतला की नाही, हे कोणत्याही देयकात लिहिलेले नसते. यंत्र विकत घ्यायचे आणि देखभालीसाठी छदामही ठेवायचा नाही, असा कारभार कोणत्याही कारखान्यात क्षणभर खपवून घेतला जाणार नाही. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत मात्र तो यशाची आकडेवारी म्हणून मिरवला जातो.

त्यातही वर्गभेद आहेच. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील, राज्य कामगार विमा लागू असलेल्या कामगाराला आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. ऊसतोडणी कामगाराला, गुऱ्हाळावर राबणाऱ्याला, दोन एकरांच्या धन्याला असे कोणते ९१ दिवस आहेत? त्याला विश्रांती घ्यायची तर कर्जावर घ्यावी लागते. म्हणूनच तो वेळेआधी ओझे उचलतो. त्याला बेफिकीर म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या चुलीकडे पाहावे.

असे काम खेड्यात तज्ज्ञांवाचून करणे धोक्याचे आहे, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्यांश आहे. ज्यांच्या हृदयाची ताकद फार घटली आहे, ज्यांचे ठोके अनियमित पडतात, त्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठेवले पाहिजे. परंतु सर्वांची स्थिती अशी नसते. कमी धोक्याच्या रुग्णांचे घराजवळ, पद्धतशीर पाठपुराव्याने केलेले पुनर्वसन केंद्रात केलेल्या पुनर्वसनाच्या तोडीचे ठरते, हेही अभ्यासांनी दाखवले आहे. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, या चाचणीला ३० मीटरची सपाट पडवी, एक घड्याळ, एक खुर्ची, रक्तदाब आणि प्राणवायू मोजण्याची साधी साधने, आणि वेळ आलीच तर धावून येणारा डॉक्टर एवढेच लागते. भारतातच २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू वा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक तिने दाखवला नाही. परंतु रुग्णांना स्वतःला वाटणारे स्वास्थ्य आणि पूर्वीच्या कामांकडे परतणे यांत सुधारणा दाखवली. श्रमावर जगणाऱ्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे.

खेड्यातील माणसांना हे जमेल काय, असे विचारणाऱ्यांनी शिरूर तालुक्यातीलच वढू बुद्रुकला जावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात त्या परिसरात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून उभे केले. त्याच परिसरात, शिरूर आणि हवेलीतील २२ गावांत, २००२ पासून घरोघरच्या आरोग्याची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. ज्या तालुक्यात हे घडले, तिथे बायपासच्या रुग्णाची बारा आठवडे विचारपूस होऊ शकत नाही, हे कोण मान्य करील?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. शस्त्रक्रियेच्या मंजुरीबरोबरच बारा आठवड्यांच्या पुनर्वसनाचीही मंजुरी मिळावी, आणि त्याचे पैसे योजनेतूनच दिले जावेत. शिरूर व दौंड येथील सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर यांचे हृदयपुनर्वसन केंद्र चालावे. घरी सोडताना रुग्णाच्या हाती मराठीत लिहिलेले वेळापत्रक असावे, आणि त्याची प्रत गावच्या आरोग्य उपकेंद्राकडे जावी. आशा सेविकांवर हे काम टाकायचे असेल, तर आधी प्रशिक्षण आणि पूर्ण मोबदला द्यावा. फुकट राबणाऱ्या बायांच्या खांद्यावर नवी योजना उभी करू नये. असंघटित श्रमिकाला पहिल्या तीन महिन्यांचा निर्वाहभत्ता मिळावा. आणि रुग्णालयाचे यश किती छाती उघडल्या यावर न मोजता, सहा महिन्यांनी किती माणसे कामावर परतली यावर मोजावे.

'पुनर्वसन' हा शब्द या दोन तालुक्यांना नवा नाही. धरणग्रस्तांच्या वसाहती दोन्हीकडे आहेत. भूखंड दाखवला म्हणजे पुनर्वसन झाले असे मानणारे शासन त्यांनी पाहिले आहे, आणि पाणी, रस्ता, शाळा यांसाठी पुढची कित्येक वर्षे भांडावे लागते हेही अनुभवले आहे. १९७८ साली आल्मा-आटा येथे भारतासह जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेची व्याख्या केली, तेव्हा रोगप्रतिबंध आणि उपचार यांच्या जोडीला पुनर्वसनाचाही तीत समावेश केला होता. त्या वचनाची आठवण शासनाला करून देण्याचे काम आता शिरूर-दौंडच्या ग्रामसभांनी हाती घ्यावे. पाण्यासाठी भांडायला शिकलेल्या माणसांना हे भांडणही कठीण जाऊ नये.