दोनदा जळालेले ग्रंथालय

ग्लासगोच्या कलाशाळेचे ग्रंथालय चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश या वास्तुशिल्पज्ञाने रचले आणि ते १९०९ साली पुरे झाले. लाकडी खांब, सज्जे व उंच खिडक्या यांमुळे ते स्वतःच कलाशिक्षणाचा एक पाठ ठरले. २३ मे २०१४ रोजी ते भस्मसात झाले. प्रदर्शनाच्या तयारीत प्रक्षेपकाच्या उष्णतेने फेसातील वायूने पेट घेतला. अग्निशमनाची तुषारयंत्रणा त्याच सुमारास बसविली जात होती. अ‍ॅस्बेस्टॉस आढळल्याने काम रेंगाळले होते. येथवर दुर्दैव म्हणता येईल. परंतु पुनर्बांधणी चालू असता १५ जून २०१८ रोजी इमारत पुन्हा पेटली, आणि तेव्हाही तुषारयंत्रणा कार्यान्वित नव्हती, याला काय म्हणावे? या आगीचे कारण २०२२ च्या चौकशी अहवालालाही ठरविता आले नाही. पुरावाच जळून गेला होता.

जीर्णोद्धाराला दाते मिळतात, कारण तेथे नावाची पाटी लागते. देखभालीला कोण पाटी लावणार? काटकसरीची पहिली कात्री तिच्यावरच चालते. शिवाय मोजमापांवरून खोली हुबेहूब उभारता येते, जळालेले दुर्मीळ ग्रंथ नव्हेत. २०२१ मध्ये संस्थेने इमारत पूर्ववत उभारण्याचे ठरविले. बांधकाम चालू असतानाच्या अग्निरक्षणाची तरतूद अंदाजपत्रकात कोठे आहे, हे प्रथम विचारावयास हवे.