विम्याचा कागद कोणाच्या खिशात?



कापूस घरात आला की गावोगाव गाड्या शोधण्याची धांदल सुरू होते. जिनिंगपर्यंतचे भाडे किती, हमाली कोणाकडे, काट्यावर नंबर कधी लागणार, हे सगळे आपण घासाघीस करून ठरवतो. गाडीचा विमा आहे का, एवढा एकच प्रश्न बहुधा राहून जातो. कोणी विचारलाच तर ड्रायव्हर केबिनमधल्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढतो आणि म्हणतो, "आहे की, हा काय!" आपले समाधान होते आणि गाडी भरायला लागते.

तो कागद नेमका कशाचा पुरावा आहे? गाडी उलटली, कापसाला आग लागली, ज्वारीची पोती पावसात भिजली, तर तो कागद कोणाच्या उपयोगी पडणार? वर्षभराचा घाम एकाच फेरीत त्या गाडीवर चढलेला असतो. तेव्हा हे आधीच समजून घेतलेले बरे. तहान लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही.

गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ प्रमाणे विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. पण कायद्याची ही सक्ती 'थर्ड पार्टी' विम्यापुरतीच आहे. गाडीखाली कोणी सापडला, गाडीने कोणाची बैलगाडी मोडली, तर त्याची भरपाई त्यातून होते. गाडीवर लादलेला तुमचा कापूस त्यात येत नाही. मालकाने त्याहून मोठा, सर्वंकष विमा काढलेला असला तरी त्यातून त्याच्या ट्रकचे नुकसान भरून निघते. मालासाठी वाहतुकीचा वेगळा विमा लागतो. तो कोणी काढला आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि बहुतेक वेळा तो कोणीच काढलेला नसतो.

मग माल बुडाला तर वाहतूकदार जबाबदार नाही का? आहे. १८६५ सालचा इंग्रजांच्या वेळचा कायदा जाऊन त्या जागी रस्ता मालवाहतूक कायदा, २००७ आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. पावती देऊन मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. माल हरवला वा बिघडला तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा शेतकऱ्याला सिद्ध करावा लागत नाही. इथवर ठीक आहे. खरी मेख पुढे आहे. मालाची किंमत आधी लिहून दिली नसेल आणि जादा जोखमीचा दर कबूल केला नसेल, तर भरपाईला मर्यादा आहे, आणि ती भाड्याच्या दहा पट आहे.

हिशेब करून पाहा. समजा गाडीत ४० क्विंटल कापूस आहे आणि भाव ७,००० रुपये. माल झाला २ लाख ८० हजारांचा. भाडे ठरले ४,००० रुपये. म्हणजे हाती येणार जास्तीत जास्त ४० हजार. बाकीचे २ लाख ४० हजार कोणाचे? तुमचे. तेही बिल्टी असेल तर. गावातला टेम्पो तोंडी बोलीवर ठरवला आणि पावतीच घेतली नाही, तर या कायद्याचा आधार मागायला हातात कागद कुठला? आणखी एक अट ध्यानात ठेवा: माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेली नाही, तर दावाच करता येत नाही.

मालावर बसलेला माणूस

मालाचे झाले. माणसाचे त्याहून वाईट आहे. कापसाबरोबर घरचा एक माणूस जातोच, आणि पुष्कळदा तो वर गंजीवर बसून जातो. १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालवाहू गाडीतून मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात आला. पण २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने चोल्लेटी भारतम्मा प्रकरणात सांगितले की मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसलेला. वर बसणाऱ्याने जीव तर धोक्यात घातलाच, विम्याचा हक्कही सोडला.

मालवाहू गाडीत नुसते 'बसवून घेतलेले' प्रवासी तर मुळातच बाहेर आहेत. २००२ च्या आशा राणी निकालाने आणि २००४ च्या बलजित कौर निकालाने हे पक्के झाले आहे. वेचणीला, निंदणीला आपल्या मायबहिणी टेम्पोत दाटीवाटीने उभ्या राहून जातात. त्या टेम्पोचा विमा चालू असला तरी तो त्यांच्यासाठी नाही.

यात आपण नेहमी फिर्यादीच्याच बाजूला असतो असेही नाही. ट्रॅक्टर आपला असतो, ट्रॉली आपली असते, आणि ट्रॉलीत मजूर असतात. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी काढलेला असतो. ब्रिज मोहन प्रकरणात ट्रॉलीतून वीटभट्टीची माती चालली होती आणि वर मजूर होता. विमा कंपनी जबाबदार नाही, असा निर्णय २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. मजुराला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, एवढी सोय मात्र केली. ही वसुली कशी होते? कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे एका अपघाताने मजुराचे घर उघडे पडते आणि आपला सातबाराही धोक्यात येतो.

पुरावा देणार कोण?

आता त्या कागदाकडे वळू. कागदावर तारीख चालू आहे, शिक्का आहे. तरीही विमा मेलेला असू शकतो. मालकाने हप्त्याचा चेक दिला आणि तो वटला नाही, तर कंपनी विमा रद्द करू शकते. २०१२ च्या लक्ष्मम्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रद्द केल्याची सूचना अपघातापूर्वी मालकाला पोचली असेल, तर कंपनीची जबाबदारी संपते. सूचना मालकाला मिळाली, पण त्याच्या गाडीत माल भरणाऱ्याला कोणी सांगायचे? जुना कागद तर प्लास्टिकच्या पिशवीत तसाच असतो.

अमेरिकेत या दुखण्यावर एक उपाय केलेला आहे. तिथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भाड्याने मालवाहतूक करणाऱ्या कंपनीने स्वतः कागद दाखवून भागत नाही. विमा कंपनीनेच केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याकडे 'बीएमसी-९१' नावाचा दाखला भरायचा असतो. तो आल्याशिवाय धंद्याचा परवाना मिळत नाही. मोठ्या गाड्यांच्या साध्या मालवाहतुकीला किमान साडेसात लाख डॉलरचे संरक्षण लागते. १९८० च्या कायद्यातला हा आकडा आजही बदललेला नाही, हा त्यातला दोषच. पण विमा रद्द करायचा तर कंपनीने सरकारला ३० दिवस आधी कळवावे लागते आणि ही नोंद कोणालाही पाहता येते. पुरावा गाडीवाल्याच्या खिशातून निघून चावडीवर येतो, हे यातले सार.

पण अमेरिकेचे सगळेच उचलावे असे नाही. हा दाखला अपघातात सापडलेल्या लोकांसाठी आहे, मालासाठी नाही. मालाच्या विम्याचाही दाखला पूर्वी भरावा लागे, तोही गाडीमागे अवघ्या ५ हजार डॉलरचा. २०११ साली घरसामानाची वाहतूक सोडून बाकी सर्वांसाठी तो बंद झाला. आणि कारखान्यात न गेलेला, शेतातून निघालेला मालच फक्त वाहणाऱ्यांना १९३५ च्या कायद्यापासून परवान्यातून सूट आहे. परवाना नाही म्हणून दाखलाही नाही. विमा ठेवावा लागतो, पण तो आहे याची सरकारदरबारी नोंद नाही. शेतमाल आला की नियमाच्या कुंपणाला खिंडार पडते, ते तिथेही पडलेच आहे.

गाडी भरण्याआधी

आपल्या हातात काय आहे? पहिले, गाडीवाल्याच्या कागदावर विसंबू नका. 'एमपरिवहन' अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे ते दिसते. गावात एकाच्या मोबाईलवर ते असले तरी पुरे. दुसरे, बिल्टीशिवाय माल भरू नका आणि बिल्टीवर मालाची किंमत लिहून घ्या. जादा दर किती पडतो ते विचारा. तो परवडत नसेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून मालाचा स्वतंत्र विमा काढता येतो का ते पाहा. तिसरे, मालासोबतचा माणूस केबिनमध्येच बसेल आणि त्याचे नाव बिल्टीवर येईल, असे बघा. चौथे, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा काढताना ट्रॉली आणि मजूर त्यात लिहिले आहेत का, ते सही करण्याआधी वाचून घ्या.

हे झाले एकेकट्याने करायचे. जिल्हा बैठकीपुढे दोन ठराव यावेत असे आम्हाला वाटते. बाजार समितीच्या फाटकावर गाडीचे वजन नोंदले जाते, तशीच विम्याची मुदतही नोंदली जावी. आणि विमा रद्द होताच त्याची नोंद त्याच दिवशी सर्वांना दिसावी. विमा कंपनीने मुदतीची आगाऊ सूचना परिवहन खात्याला दिल्याशिवाय रद्द करणे लागू होऊ नये.

विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे २०१९ पासून कायद्यात आहे. दंडाचे ते २ हजार सरकारजमा होतात. गंजीवरून पडलेल्याच्या घरी त्यातला एक पैसा पोचत नाही. म्हणून दंडाच्या धाकावर भिस्त ठेवू नका. भाडे ठरवताना जेवढी घासाघीस करता, त्याच्या निम्मी तरी या कागदासाठी करा.