सर्दीची गोळी : नावे दोन, माल एकच

कर्जत-खालापूर पट्ट्यात पावसाने जोर धरला की पेढ्यांवर शिंका सुरू होतात. दुकान सोडून दवाखान्यात ताटकळणे व्यापाऱ्यास परवडत नाही. शेजारच्या औषध दुकानातून एक पट्टी मागवली जाते आणि काम चालू राहते. येणाऱ्या प्रत्येक पोत्याचा नमुना पारखून घेणारी मंडळी ही पट्टी मात्र केवळ नावावर घेतात.

माल असतो तो वेष्टनावरील बारीक अक्षरांत. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत तापासाठी पॅरासिटामॉल, चोंदलेल्या नाकासाठी फेनिलएफ्रिन आणि शिंकांसाठी क्लोरफेनिरामीनसारखे ॲलर्जीरोधक द्रव्य असते. त्यावर अंगदुखीची दुसऱ्या नावाची गोळी घेतली की पॅरासिटामॉल नकळत दुप्पट होते. निरोगी प्रौढासाठी त्याची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. तीही सर्व औषधांची बेरीज धरून. मर्यादा ओलांडली की यकृतास इजा होते, आणि पहिल्या दिवशी तिची फारशी जाणीवही होत नाही.

चौविहार पाळणाऱ्या घरांत आणखी एक अडचण येते. नवकारशीपासून सूर्यास्तापर्यंत जेमतेम बारा तास मिळतात. त्यात सहा-सहा तासांच्या अंतराने तीन मात्रा बसतात. चौथी बसत नाही म्हणून संध्याकाळी दोन गोळ्या एकदम घेणे धोक्याचे. अठ्ठाईसारख्या तपात तर पोट रिकामे असल्याने यकृताची बचावशक्ती घटलेली असते आणि नेहमीची मात्राही जड जाऊ शकते. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवलेले बरे. खोकल्याच्या अनेक आयुर्वेदिक औषधांत मध असतो, हेही त्याच बारीक अक्षरांत सापडते.

फेनिलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. क्लोरफेनिरामीनने झोप येते, तसेच प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांची लघवी अडू शकते. अशी गोळी घेऊन खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्याने स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यावे.

लहान मुलांबाबत मात्र घरचा अंदाज चालवूच नये. क्लोरफेनिरामीन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. ही भेसळ लेबल वाचून कळणारी नव्हती. परंतु महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-१३ या बॅचचा वापर थांबविण्यास सांगितले, तेव्हा ज्यांच्याकडे बाटली किंवा बिल होते त्यांना घरातील औषध पडताळता आले. औषधाचे बिल जीएसटीच्या बिलाइतकेच जपावे ते यासाठी. खोकला-सर्दीची औषधे २ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि ५ वर्षांखालीलही सहसा टाळावीत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच ऑक्टोबरमध्ये कळविले.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते; गरम पाणी आणि विश्रांती तिला पुरेशी असते. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर गोष्ट निराळी. भातखाचरांच्या या मुलखात पावसाळी ताप लेप्टोचा, डेंग्यूचा वा हिवतापाचाही असतो, आणि सर्दीची गोळी तो दिवसभर दाबून ठेवते. अशा वेळी पट्टी बदलत न बसता कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे रक्त तपासून घ्यावे, आणि जाताना घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.