आईची काय चूक?

गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटांना शिरपूरला गेलो होतो. पोचल्या पोचल्या आईने हातात एक्स्टर्नल हार्डडिस्क ठेवली. "भाऊ, आजीची गाणी दिसत नाहीयेत रे."

पोटात गोळाच आला. आजीची कानबाईची आणि लग्नातली अहिराणी गाणी मी २०१६ साली फोनवर रेकॉर्ड केली होती. आजी २०२० मध्ये गेली. पुढे लॅपटॉप बदलताना सगळं ह्या डिस्कवर टाकलं आणि मोठ्या ऐटीत आईला दिलं, "आता फोनला लावून कधीही ऐक!" दुसरी कॉपी? नव्हती. (हो, मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. हसा.)

तर झालं असं की, आईने डिस्क फोनला लावली. फोन म्हणाला, ड्राइव्ह सपोर्टेड नाही, सेट अप करण्यासाठी टॅप करा. आईने टॅप केलं. पुढे फॉरमॅट. तेही केलं. "त्यानंच विचारलं, सेट करू का. मी म्हटलं, कर बाबा."

ऑफिसात सांगितलं तर सगळे म्हणाले, आईबाबांना टेक्नॉलॉजी कळत नाही ना! माझं डोकं फिरतं ते इथे. काय कळत नाही हो? डिस्क धडधाकट होती. फक्त ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली होती, म्हणजे १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आलेल्या पद्धतीने, आणि बरेच फोन ती वाचत नाहीत. मॅकसुद्धा नुसता वाचतो, लिहीत नाही. मग 'मला हे वाचता येत नाही, पुढे गेलात तर सगळं पुसेन' असं पहिल्याच ओळीत सांगायला काय झालं होतं? पुसण्याला 'सेट अप' म्हणायचं? घर आवरू का विचारायचं आणि भांडी भंगारात घालायची, तसला प्रकार. पुढच्या स्क्रीनवर इशारा असतो, मान्य. बारीक अक्षरात, इंग्रजीत.

आणि खरा गुन्हेगार मी. देण्याआधी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायला पाच मिनिटं लागली असती. विंडोज, मॅक, बरेचसे नवे फोन, सगळीकडे चालतं. २०१९ च्या आयओएस १३ पासून आयफोनलाही डिस्क जोडता येते. जुनं फॅट३२ जवळपास सगळीकडे चालतं, पण ४ जीबीची फाइल त्यात मावत नाही, म्हणजे लग्नाचं शूटिंग गेलं.

'क्लाउडवर टाकायचं ना!' टाका की. पण फुकटची जागा संपली की दरमहा भाडं, आणि पासवर्ड कुणाकडे? माझ्याकडे. म्हणजे परत एकाच माणसावर भिस्त. आमच्या तालुक्यात २००४ पासून नाल्यांवर ओळीने छोटे बंधारे बांधून पाणी अडवलंय, लोक लांबून बघायला येतात. त्याच गावच्या पोराने आजीचा आवाज एका डिस्कवर ठेवला.

असो. अशा फॉरमॅटमध्ये बहुधा यादी पुसली जाते, मजकूर त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत पडून असतो. नशीब, आईने नंतर काही टाकलं नव्हतं. फोटोरेक हे फुकटचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. ४१ फाइली सापडल्या, पण नावं गेली, नुसते आकडे. काही अर्ध्याच.

दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन करून आल्यावर आई एकेक ऐकून गाणं कुठलं ते सांगत बसली आणि मी टाइप करत. सात अजून ओळखू आलेली नाहीत. धाकट्या मावशीला विचारायचंय.