तलाव कुणाचा?

लेक डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्याला इंग्लंडच आठवतं. महाराष्ट्रातही एक आहे म्हटलं तर पुण्या-मुंबईची मंडळी लोणावळ्याकडे बोट दाखवतात! अहो, भंडाऱ्याला 'तलावांचा जिल्हा'च म्हणतात. १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, शेजारचे चंद्रपूर आणि गडचिरोली, हा सगळा पट्टा धानाचा आणि तलावांचा. जुने तलावच ६,०००हून जास्त.

कागदोपत्री हे 'माजी मालगुजारी तलाव', बोलताना नुसते 'मामा तलाव'. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधत नेले. उतार बघून मातीची पाळ घालायची, जास्तीच्या पाण्याला सांडवा ठेवायचा. नवेगाव बांध त्यातलाच. पावसाने ओढ दिली की धान वाचायचा तो या पाण्यावर.

मग १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली. जायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण तलाव गावाकडे न येता सरकारकडे गेले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. शेतकरी पाणी घेतो, ढिवर मासे धरतो, गुरं पाणी पितात. पण पाळ खचली तर अर्ज करायचा आणि वाट बघायची. आमच्या धंद्यात असा कोड सगळ्यांच्या ओळखीचा असतो. वापरणाऱ्या टीम दहा, सांभाळणारी एकही नाही. तो कधीतरी बसणार हे सगळ्यांना माहीत असतं.

यावरचा आपला आवडता उपाय म्हणजे गाळ उपसणे. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. गाळ काढलाच पाहिजे, शेतालाही तो चांगला. पण तेवढ्याने तलाव जिवंत होत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातल्या बायका-पुरुषांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने, वेगळंच काम केलं. तलावात माजलेली बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या तसे मासे आले, पक्षीही आले. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पोकलेनवाल्याला ते कुठून कळणार?

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांचं पोट तलावावर आहे त्यांच्या हाती तो द्या. मासेमारीचा थोड्या वर्षांचा ठेका नको. दीर्घ मुदतीचा हक्क हवा, दुरुस्तीचा पैसा हवा आणि पाण्याच्या निर्णयात आवाज हवा. त्यातही शेतकरी आणि ढिवर एकत्र बसले पाहिजेत. धानाला सगळं पाणी सोडलं तर मासा मरतो, आणि मासा मोठा झाल्यावर विचारायला सगळेच येतात!

आणि हो, शहरवाल्यांनी 'ते तिकडचं' म्हणून हात झटकू नयेत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणासाठी लोकांनी गावं सोडली, आणि आपण तिथे काय पाठवतो, तर ड्रेनेज. तलाव सांभाळायला कोहळी-ढिवर आहेत. आपली घाण मात्र आपल्यालाच साफ करावी लागेल, ती कुठल्या योजनेत बसो वा न बसो.