रेडिएटरचा पंखा आणि तपासणीची मजुरी

उन्हाळा लागला की गॅरेजवर गाडी तापण्याच्या तक्रारी वाढतात. आमच्या समाजातील कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटते, म्हणून चार शब्द स्पष्ट बोलतो.

सिग्नलवर उभ्या गाडीचा काटा वर चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागताच खाली येतो, तर दोष बहुधा पंख्याचा. धावत्या गाडीला वारा मिळतो. उभ्या गाडीला पंख्यावाचून कोण वारा घालणार? गाडी उभी राहताच एसी थंड करीनासा होतो, ही दुसरी खूण. उलट हायवेवरही गाडी तापत असेल तर आधी पाणी, थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप यांकडे पाहावे.

पण ग्राहकाला सर्रास सांगितले जाते, "मोटर गेली, नवी टाकू." वास्तविक आधी फ्यूज पाहावा, मग रिले, मग मोटरला थेट बॅटरीचा करंट द्यावा. ती झपाट्याने फिरली तर दोष वायरिंग, कनेक्टर किंवा सेन्सरमध्ये शोधावा. जुन्या मारुती ८०० मध्ये थर्मोस्विचच्या दोन वायरी जोडल्या की निकाल लागे. मोटर फिरलीच नाही, किंवा खरखरत रेंगाळली, तरच ती बदलावी. फ्यूज वारंवार उडत असेल तर जड झालेली मोटर जास्त करंट ओढते आहे काय हे पाहावे. जाड तार लावणे म्हणजे वायरिंग जाळणे. (हात मात्र जपून घालावा, किल्ली काढल्यावरही कित्येक गाड्यांचा पंखा एकाएकी सुरू होतो.)

पंखा 'डायरेक्ट' करून देण्याची पद्धत तर आम्हाला मुळीच पसंत नाही. मोटर सतत फिरून झिजते, मूळ दोष झाकला जातो, आणि एखाद्या दिवशी हेड गॅस्केट जाऊन शेकड्यांचे काम हजारांवर पोहोचते. प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघडी केली होती, ते व्यापारी बांधवांना आम्ही काय सांगावे!

मात्र सारा दोष कारागिराचा नाही. दहा मिनिटांत बिघाड शोधून फ्यूज बदलला तर ग्राहक म्हणतो, "केलेच काय?" डॉक्टरची तपासणी फी तोच निमूट देतो. शोधण्याला दाम नाही आणि मोटर विकण्यात नफा आहे, मग मोटरच विकली जाणार. गॅरेजवाल्यांनी तपासणीची मजुरी वेगळी लावावी, ती फलकावर लिहावी आणि काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. उस्तादांनी पोरांच्या हाती पान्याबरोबर मल्टीमीटरही द्यावा. साधा मल्टीमीटर एका मोटरीपेक्षा स्वस्तच मिळतो.